पदकतक्त्याबाहेरचा कर्ट ब्राउनिंग

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर हिवाळी ऑलिम्पिकमधील फिगर स्केटिंगविषयी जो लेख नुकताच प्रसिद्ध झाला, त्यात कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगचा उल्लेख एका वाक्यात आटोपला आहे. तीन ऑलिम्पिकमध्ये उतरूनही एकही पदक न मिळाल्यामुळे त्याची कारकीर्द अपुरी राहिली, असा त्या वाक्याचा अर्थ होतो. त्यात दिलेले आकडे बरोबर आहेत. १९८८ मध्ये कॅलगरीला तो आठवा आला, १९९२ मध्ये आल्बेरव्हिलला सहावा आणि १९९४ मध्ये लिलहॅमरला पाचवा. त्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, कारण ज्या खेळाडूने चार वेळा जगज्जेतेपद मिळवले आणि ज्याची एक उडी या खेळाच्या इतिहासातला टप्पा मानली जाते, त्याच्याविषयी मराठी वाचकाला केवळ त्याला काय मिळाले नाही एवढेच कळावे, हे त्या वाचकावरही अन्यायाचे आहे. मी पुण्यात बरीच वर्षे मुलामुलींना चाकांवरचे आर्टिस्टिक स्केटिंग शिकवतो. बर्फ आणि सिमेंट यांत फरक मोठा असला, तरी उड्यांची नावे, एज (म्हणजे पायाच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेवर धरलेला तोल), स्पिन आणि लँडिंग यांचे शास्त्र बरेचसे एकच आहे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

ब्राउनिंगचा जन्म १९६६ चा. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील कॅरोलाइन या लहानशा गावात, गुराढोरांच्या मोठ्या वाडीवर तो वाढला. तिथल्या इतर मुलांप्रमाणे तो आइस हॉकीही खेळत असे. पुढे एडमंटन शहरातील रॉयल ग्लेनोरा क्लबमध्ये मायकेल जिरानेक या प्रशिक्षकाकडे तो घडला. त्याच्या गावातील रिंकला आज त्याचेच नाव आहे.

मार्च १९८८ मध्ये बुडापेस्टला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्याच्या महिनाभर आधी कॅलगरीच्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा ब्रायन बॉयटॅनो आणि कॅनडाचा ब्रायन ऑर्सर यांच्यातील लढत जगभर गाजली होती, आणि बुडापेस्टलाही सगळ्यांचे लक्ष त्या दोघांकडेच होते. एकवीस वर्षांच्या ब्राउनिंगकडे पदकाचा दावेदार म्हणून कोणी पाहत नव्हते आणि शेवटी तो सहावा आला. परंतु त्याच्या फ्री स्केटमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या मुक्त रचनेच्या भागात, त्याने हवेत चार पूर्ण गिरक्या घेणारा टो लूप मारला आणि एका पायावर तो उतरला. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने स्पर्धेतील पहिली क्वाड, म्हणजे चार गिरक्यांची, उडी म्हणून मान्यता दिली, ती या उडीला. त्याआधी १९८६ च्या युरोपीय स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाच्या योझेफ साबोवचिकने असाच प्रयत्न केला होता आणि तो सुरुवातीला ग्राह्यही धरला गेला होता, पण उतरताना त्याचा दुसरा पाय बर्फाला टेकला होता, असे नंतर ठरवून ती मान्यता काढून घेण्यात आली. नियम किती काटेकोर होते, हे यावरून लक्षात येईल.

या उडीत नेमके काय घडते, हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण दूरचित्रवाणीवर ती पाहताना ती फार सहज वाटते. टो लूपमध्ये स्केटर उलट्या दिशेने, म्हणजे पाठीच्या बाजूला सरकत असतो, एका पायाच्या बाहेरच्या एजवर तोल ठेवतो आणि दुसऱ्या पायाच्या पात्याचे पुढचे दाते बर्फात रोवून वर झेपावतो. हवेत राहण्याचा काळ पाऊण सेकंदाहूनही कमी असतो आणि तेवढ्यात हात छातीशी घट्ट ओढून, शरीर एका सरळ रेषेत आवळून चार गिरक्या पुऱ्या करायच्या असतात. मग तीच गिरकी थांबवण्यासाठी हात आणि मोकळा पाय योग्य क्षणी उघडायचे, आणि शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार एकाच पायावर घेऊन पुन्हा उलट्याच दिशेने वाहत निघायचे. आमची मुले दोन गिरक्यांच्या उडीवर वर्षानुवर्षे मेहनत करतात. तीन गिरक्यांची उडी स्वच्छ बसवणारी मुले तर मी फारच थोडी पाहिली आहेत. तीनवरून चारवर जाताना केवळ आणखी एक गिरकी वाढत नाही, तर वेग, उंची आणि लँडिंगचा धक्का ही तिन्ही गणिते नव्याने मांडावी लागतात.

ब्राउनिंगनंतर दुसऱ्या प्रकारची क्वाड, म्हणजे साल्काव्ह, मान्य व्हायला दहा वर्षे लागली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या टिमोथी गेबलने ती मारली. उड्यांच्या उरलेल्या प्रकारांपैकी लुत्झ २०११ मध्ये ब्रँडन म्रोझने, फ्लिप आणि लूप २०१६ मध्ये अनुक्रमे जपानच्या शोमा उनोने आणि युझुरु हान्यूने, आणि सर्वांत कठीण समजला जाणारा अ‍ॅक्सल २०२२ मध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिनने साध्य केला. बुडापेस्टमध्ये उघडलेले दार पूर्ण उघडायला चौतीस वर्षे लागली. आज पुरुषांच्या स्पर्धेत क्वाडशिवाय पदकाचा विचारही होत नाही, आणि ती सुरुवात ज्याने केली, तो त्या दिवशी सहावा होता. पदकतक्त्यात या गोष्टीला जागाच नाही.

त्यानंतरची तीन वर्षे ब्राउनिंगची होती. १९८९ मध्ये पॅरिसला, १९९० मध्ये स्वदेशातील हॅलिफॅक्सला आणि १९९१ मध्ये म्युनिकला त्याने लागोपाठ तीन जागतिक सुवर्णपदके मिळवली. यातील हॅलिफॅक्स आणि म्युनिक या दोन विजयांची जोडी मला विशेष महत्त्वाची वाटते, आणि तिच्याविषयी क्रीडा पानांवर फारसे लिहिले जात नाही.

त्या काळापर्यंत फिगर स्केटिंगमध्ये कंपल्सरी फिगर्स नावाचा एक भाग असे. कोऱ्या बर्फावर एका पायाने वर्तुळे आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या आकृत्या काढायच्या, त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा जायचे, आणि मग परीक्षक बर्फावर उतरून, वाकून त्या रेषा तपासत. संगीत नाही, उड्या नाहीत, प्रेक्षकही जवळजवळ नाहीत. एके काळी निम्म्याहून अधिक गुण या भागाला होते, पुढे त्याचे वजन कमी कमी होत गेले आणि १९९० च्या हॅलिफॅक्स स्पर्धेनंतर तो जागतिक स्पर्धांतून कायमचा वगळण्यात आला. फिगर्स हे कंटाळवाणे काम होते, असे म्हणून ते हसण्यावारी नेले जाते. मी तसे करणार नाही. आमच्या रोलर स्केटिंगमध्ये जमिनीवर रंगवलेल्या वर्तुळांवर हा प्रकार शिकवला जातो आणि ज्या मुलाची वर्तुळे पक्की असतात, त्याच्या पायाखालच्या एजवर पुढे कितीही अवघड रचना उभी करता येते, हा माझा अनुभव आहे. ब्राउनिंगचे पदलालित्य, म्हणजे त्याचे फुटवर्क, ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे पटेल. जागतिक स्पर्धेत फिगर्स असतानाचा शेवटचा पुरुष विजेता तोच आणि फिगर्स गेल्यानंतरचा पहिला विजेताही तोच. म्युनिकमध्ये तर त्याने एकाच फ्री स्केटमध्ये तीन गिरक्यांच्या उडीला लागूनच तीन गिरक्यांची दुसरी उडी, अशा जोड्या बसवल्या. खेळाची नियमावली बदलली, की एखादी पिढी मागे पडते आणि दुसरी पुढे येते, असे आपण अनेक खेळांत पाहतो. हा माणूस मात्र दोन्ही बाजूंना पहिला राहिला, आणि माझ्या मते त्याच्या श्रेष्ठत्वाचा याहून मोठा पुरावा दुसरा नाही.

ही तीन वर्षे १९८८ आणि १९९२ या दोन ऑलिम्पिकच्या मधली आहेत, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. ऑलिम्पिक एरवी चार वर्षांतून एकदा येते (१९९४ ची स्पर्धा तेवढी दोनच वर्षांनी झाली) आणि खेळाडूच्या शरीराला ते वेळापत्रक ठाऊक नसते. १९९१-९२ च्या हंगामात ब्राउनिंगची पाठ दुखावली, त्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याला उतरता आले नाही आणि पुरेशा सरावाविना तो आल्बेरव्हिलला गेला. तिथे तो सहावा आला. महिनाभरानंतर ओकलंडच्या जागतिक स्पर्धेत युक्रेनच्या व्हिक्टर पेट्रेंकोच्या मागे तो दुसरा आला आणि पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, प्रागला त्याने चौथे जगज्जेतेपद मिळवले. मधल्या काळात तो एडमंटन सोडून टोरांटोला लुई स्टाँग यांच्याकडे सरावासाठी गेला होता. ‘कॅसाब्लांका’ या जुन्या चित्रपटाच्या संगीतावर बांधलेला त्याचा प्रागमधील फ्री स्केट आजही नमुना म्हणून दाखवला जातो. पांढरा डिनर जॅकेट घातलेला एक माणूस बर्फावर चालतो, थबकतो, वळतो आणि त्या चालण्यातूनच उडीत शिरतो. उडीसाठी वेगळी तयारी चालली आहे, असे कुठे दिसत नाही. मुलांना मी सांगतो, की उडीच्या आधीची दहा सेकंदे नीट पाहा.

आता लिलहॅमरविषयी. आपल्या लेखातील वाक्याचा रोख मुख्यतः याच स्पर्धेवर आहे, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल.

१९९४ च्या फेब्रुवारीत नॉर्वेतील त्या ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला कॅनडाचा ध्वज ब्राउनिंगच्या हाती होता. फिगर स्केटिंगच्या स्पर्धा जवळच्या हामार शहरात झाल्या. पुरुषांच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये तीन गिरक्यांच्या फ्लिप उडीवर तो पडला आणि पुढे दोन गिरक्यांचा अ‍ॅक्सल मारायचा होता, तिथे एकच गिरकी झाली. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये ठरवून दिलेले घटक करावेच लागतात आणि त्यातील चुकीला ठरावीक गुणकपात असते, म्हणून अशा दोन चुका झाल्या, की उरलेला कार्यक्रम कितीही सुंदर असला तरी उपयोग होत नाही. तो बारावा आला. नंतर दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत त्याने डोळ्यांत पाणी आणून देशवासीयांची क्षमा मागितली. मला तो प्रसंग आजही बेचैन करतो, कारण त्याने कोणाचेही काही बिघडवले नव्हते.

त्या वेळी सध्याची गुणपद्धती नव्हती. प्रत्येक भागातील क्रमांकाला एका संख्येने गुणत आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी होत असे. शॉर्ट प्रोग्रॅममधील क्रमांकाला अर्ध्याने गुणायचे आणि फ्री स्केटमधील क्रमांक आहे तसा धरायचा. बाराव्या क्रमांकाचे झाले सहा. दोन दिवसांनी फ्री स्केटमध्ये ब्राउनिंग तिसरा आला, म्हणजे एकूण नऊ. फ्रान्सचा फिलिप कँडेलोरो फ्री स्केटमध्ये पाचवा होता, पण शॉर्ट प्रोग्रॅममध्ये तिसरा आल्यामुळे त्याची बेरीज साडेसहा झाली आणि कांस्यपदक त्याच्या गळ्यात पडले. पेट्रेंको शॉर्ट प्रोग्रॅममध्ये नववा आणि फ्री स्केटमध्ये चौथा येऊन साडेआठ गुणांसह चौथा राहिला. १९८८ चा ऑलिम्पिक विजेता बॉयटॅनो सहावा आला. म्हणजे त्या रात्री पदकाबाहेर राहिलेल्या या तिघांत दोन माजी ऑलिम्पिक विजेते आणि एक चार वेळचा जगज्जेता होता. फ्री स्केटमध्ये ब्राउनिंगच्या पुढे फक्त दोघे होते, रशियाचा अलेक्सेई उर्मानोव्ह आणि कॅनडाचाच एल्विस स्टॉयको, आणि सुवर्ण व रौप्य त्यांनाच मिळाले.

नियम अन्यायकारक होता, असे मला मुळीच म्हणायचे नाही. नियम सर्वांना सारखाच होता, उर्मानोव्ह दोन्ही भागांत पहिला आला आणि त्याचे सुवर्णपदक निर्विवाद आहे. स्टॉयकोही दोन्ही भागांत दुसरा होता. कँडेलोरोने शॉर्ट प्रोग्रॅममध्ये जे सांभाळले, ते इतर मोठ्या नावांना सांभाळता आले नाही. माझा मुद्दा एवढाच आहे, की एका उडीवर पडणे ही त्या दिवसाची घटना आहे आणि तिच्यावरून सहा-सात वर्षांची कारकीर्द मोजता येत नाही. उर्मानोव्हला जागतिक अजिंक्यपद कधीही मिळाले नाही. म्हणून त्याची कारकीर्द अपुरी आहे, असे कोणी लिहीत नाही आणि लिहूही नये. मग ज्याच्याकडे चार जागतिक सुवर्णपदके आहेत आणि ऑलिम्पिकचे एकही नाही, त्याच्याबाबतीतच उलटा न्याय का लावायचा? जागतिक स्पर्धेत तेच प्रतिस्पर्धी असतात, तेवढ्याच मोठ्या बर्फावर, त्याच नियमांनी, तसेच परीक्षक समोर बसलेले असतात. फरक असतो तो प्रसिद्धीचा, आणि ती देणे किंवा न देणे हे बरेचसे वृत्तपत्रांच्याच हाती आहे.

कॅनडाच्या पुरुष स्केटरांच्या बाबतीत तर ऑलिम्पिक सुवर्णाचा मापदंड लावला, तर हाती काहीच उरत नाही. डोनाल्ड जॅक्सनने १९६२ मध्ये प्रागला तीन गिरक्यांचा लुत्झ प्रथमच मारून जगज्जेतेपद घेतले. व्हर्न टेलरने १९७८ मध्ये ओटावाला तीन गिरक्यांचा पहिला अ‍ॅक्सल मारला. ऑर्सरला १९८४ आणि १९८८ अशी दोन ऑलिम्पिक रौप्यपदके मिळाली. स्टॉयको तीन वेळा जगज्जेता झाला आणि १९९८ मध्ये नागानोला जांघेची दुखापत सोसत त्याने दुसरे ऑलिम्पिक रौप्य मिळवले. पॅट्रिक चॅनने २०११ ते २०१३ अशी लागोपाठ तीन जागतिक सुवर्णपदके घेतली आणि २०१४ च्या सोचीत तोही रौप्यावर थांबला. २०२२ च्या बीजिंगपर्यंत कॅनडाच्या एकाही पुरुषाला ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळालेले नव्हते. चॅनच्या नावावर २०१८ चे एक सुवर्ण आहे, परंतु ते सांघिक स्पर्धेतील आहे, आणि ही स्पर्धाच मुळी २०१४ पासून सुरू झाली. ब्राउनिंगच्या काळी ती नव्हती. कोणत्या वर्षी कोणती स्पर्धा भरवली जाते, यावर जर एखाद्याचे मोठेपण ठरणार असेल, तर ते मोजमाप खेळाडूचे नसून आयोजकांच्या वेळापत्रकाचे आहे.

पुण्यातील वाचकाने एका कॅनडियन खेळाडूविषयी एवढा आग्रह का धरावा, असा प्रश्न पडू शकेल. पुण्यात आज हजारो मुलांच्या पायांत स्केट्स आहेत. पहाटे शाळेच्या बास्केटबॉल कोर्टवर, सोसायटीच्या मोकळ्या जागेत, उपनगरांतील सिमेंटच्या रिंकवर त्यांचा सराव चालतो. पावसाळ्यात उघडी रिंक ओली झाली, की सराव खोळंबतो. बर्फाचे मोठे रिंक शहरात नाही. देशात असे रिंक देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधले गेले, ते इथून दीड हजार किलोमीटरच्या आसपास दूर आहे. म्हणजे आमची मुले चाकांवरच खेळणार. आणि चाकांवरचे आर्टिस्टिक स्केटिंग किंवा स्पीड स्केटिंग हे ऑलिम्पिकमध्ये नाहीच.

पालक पहिल्याच भेटीत विचारतात, की यातून ऑलिम्पिकला जाता येते का. मी खरे ते सांगतो. बरेच जण तरीही मुलाला घालतात, पण दहावीचे वर्ष आले, की वाढीव क्रीडा गुणांपुरते प्रमाणपत्र हाती पडेपर्यंतच थांबायचे, असे ठरलेले असते. त्या पालकांना मी दोष देत नाही. त्यांनी आयुष्यभर क्रीडा पानावर जे वाचले, त्यातून त्यांची समजूत घडली आहे. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुपकुमार यामाने आर्टिस्टिक रोलर स्केटिंगमध्ये कांस्यपदक मिळवले, आणि अवनी पांचालच्या साथीने जोडीच्या प्रकारातही. २०२३ च्या हांगझू आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी ३००० मीटर रिले शर्यतीत कांस्य मिळवले. २०२५ मध्ये चीनमधील जागतिक स्पीड स्केटिंग स्पर्धेत आनंदकुमार वेलकुमारने १००० मीटर शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. ही नावे पुण्यातील किती पालकांना माहीत आहेत? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना.

हे स्केटिंगपुरतेच मर्यादित नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन रायफल प्रकारात जगज्जेतेपद मिळवले. महिलांचा हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये नाही. अंजली भागवत यांनी २००० मध्ये सिडनीला ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली आणि पुढे २००२ मध्ये जागतिक नेमबाजीतील चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स हा किताब मिळवला. हिमाचलचा शिव केशवन १९९८ पासून सहा हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ल्यूज या, बर्फाच्या उतरत्या मार्गावर घसरगाडीवर उताणे झोपून घसरण्याच्या, खेळात उतरला, तेही देशात सरावाची धड सोय नसताना. या तिघांकडेही ऑलिम्पिक पदक नाही. त्यांची कारकीर्द अपुरी म्हणायची का? आपल्यापैकी कोणीही तसे म्हणणार नाही, कारण त्यांना आपण जवळून ओळखतो. ब्राउनिंग दूरचा आहे, म्हणून ते वाक्य सहज लिहिले गेले असावे, असे मला वाटते.

वाचकांना ऑलिम्पिकमध्येच रस असतो आणि वर्तमानपत्राला जागेची मर्यादा असते, असे यावर सांगितले जाईल. जागेची अडचण मला समजते. परंतु रस हा वाचून वाचून निर्माण होतो. क्रिकेटमध्ये आपण शतक हुकलेल्या खेळीचे वर्णन करतो, चौथ्या दिवशी सामना वाचवणाऱ्या फलंदाजावर स्वतंत्र लेख लिहितो, आणि ते वाचून वाचकाला खेळाचे बारकावे कळू लागतात. तोच न्याय इतर खेळांना लावला, तर तिथेही जाणकार वाचक तयार होईल. बुद्धिबळाच्या बाबतीत पुण्याने हे अनुभवले आहे. डाव छापले जात, त्यांवर टिपणे येत, आणि ते पटावर मांडून पाहणारी मुले घराघरांत होती.

ब्राउनिंगने १९९४ नंतर हौशी स्पर्धा सोडल्या. व्यावसायिक स्पर्धांत आणि बर्फावरच्या दौऱ्यांत तो पुढे जवळजवळ तीन दशके स्केटिंग करत राहिला. २००६ मध्ये त्याचे नाव जागतिक फिगर स्केटिंग हॉल ऑफ फेममध्ये नोंदले गेले. ज्यांना हा खेळ कळतो, त्यांनी त्याची जागा केव्हाच ठरवली आहे. मराठी वाचकालाही ती कळावी, म्हणून लेखातील त्या वाक्याबरोबर चार जगज्जेतेपदांची आणि बुडापेस्टच्या उडीची नोंद आपण एखाद्या चौकटीत प्रसिद्ध करावी, अशी माझी विनंती आहे.

दुसरी विनंती आमच्या घरच्या स्पर्धांविषयी आहे. जिल्हा आणि राज्य पातळीवरील स्केटिंग स्पर्धांची बातमी आपण देता, याबद्दल आम्ही प्रशिक्षक आपले ऋणी आहोत. परंतु त्या बातमीत बहुधा फक्त विजेत्यांची नावे आणि बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांचे छायाचित्र असते. कोणत्या मुलीने कोणती उडी प्रथमच स्पर्धेत मारली, फिगर्समध्ये मागे पडलेला कोण फ्री स्केटमध्ये वर आला, हे दोन ओळींत जरी आले, तरी पदक न मिळालेल्या मुलाच्या घरीही ते कात्रण जपून ठेवले जाईल. त्यासाठी वेगळा खटाटोप करावा लागणार नाही. प्रत्येक प्रकार संपला, की निकालपत्रक तयार होते, त्यात भागवार गुण असतात, आणि आपल्या वार्ताहराने विचारले, तर त्यातील तांत्रिक शब्द समजावून द्यायला आमच्यापैकी कोणीही प्रशिक्षक आनंदाने तयार होईल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक स्केटिंग प्रशिक्षक,
सहकारनगर, पुणे